शिडाच्या बोटींचे सिनेमे: पॉजचं बटण हाताशी ठेवून पाहा

बोट चालवणारी माणसं पडद्यावर नायकाच्या चेहऱ्यापेक्षा त्याच्या हातांकडे जास्त बघतात. विंचवर (दोर ओढायच्या फिरत्या ढोलावर) दोराचे किती वेढे घेतले, शीड वेळेत आखूड केलं का, हॅचच्या (केबिनच्या तोंडाच्या) फळ्या लावल्या की उघड्याच राहिल्या? एका चुकीतून पुढचं संकट कसं उभं राहतं, हे ज्या सिनेमात नीट दिसतं तो त्यांना पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो. त्याचा पुरा आनंद घ्यायचा असेल तर सोबत चालक दलातली दोन-तीन माणसं घ्या. अडचण आली की चित्र थांबवा, प्रत्येकाला ‘तू काय केलं असतंस?’ असं विचारा आणि उत्तरं आल्यावरच पुढे जा.

सुरुवात ‘ऑल इज लॉस्ट’ने (2013) करा. रॉबर्ट रेडफोर्ड एकटाच आहे आणि संवाद जवळजवळ नाहीत, त्यामुळे लक्ष कामावरच राहतं. हिंदी महासागरात वाहत आलेला मालाचा कंटेनर त्याच्या 39 फुटी बोटीला भोक पाडतो. केबिनमध्ये पाणी दिसलं की लगेच थांबवा. बहुतेक जण म्हणतील, पंप चालू करा. मग हिशेब मांडा: पाण्याच्या पातळीखाली 60 सेंटिमीटरवर 5 सेंटिमीटर व्यासाचं भोक असेल तर मिनिटाला साधारण 240 लिटर पाणी आत येतं. हाताने पंप मारणारा माणूस त्याला पुरा पडत नाही. म्हणून आधी भोक, मग उपसा. रेडफोर्डही तेच करतो. सी अँकर, म्हणजे पाण्यात छत्रीसारखा फुगून ओढ धरणारा कापडी नांगर, तो कंटेनरला बांधतो आणि त्या ओढीने कंटेनर सोडवतो. मग फुटलेली बाजू पाण्याच्या वर राहील अशी बोट दुसऱ्या कुशीवर कलती ठेवून फायबरग्लासचं कापड आणि रेझिन (सुकल्यावर कडक होणारा चिकट द्रव) लावतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा: साधं इपॉक्सी रेझिन ओल्या, न घासलेल्या पृष्ठभागावर नीट धरत नाही. ठिगळाआधीची पुसापुशी आणि घासकाम हेच खरं काम.

हातपंपाच्या दांड्याचा प्रसंग छोटा आहे, पण तोच सगळ्यात उपयोगी. पंप आहे, दांडा नाही. मग लाकूड तासून दांडा करायचा. इथे सिनेमा थांबवून आपल्या बोटीवरचा दांडा कुठे आहे ते प्रत्येकाने सांगावं. उत्तर चटकन आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तो पंपाशेजारीच दोरीने बांधून टाका.

तिसरा थांबा वादळाचा. छोटं वादळी शीड चढवायला तो पुढे जातो, तेव्हा लाटा आधीच अंगावर येत असतात. हे शीड वारा चढण्याआधी चढवायचं असतं, आणि पुढे जाताना डेकवरच्या सुरक्षा-पट्ट्याला दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोराने स्वतःला अडकवायचं असतं. आपत्कालीन उपग्रह बीकन (संकटात बोटीची जागा कळवणारं यंत्र) बोटीवर कसा नाही, यावर अनुभवी खलाशी हटकून चिडतात. ते चिडणंही या सिनेमाच्या आनंदाचाच भाग आहे.

‘मास्टर अँड कमांडर’ (2003) मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या स्पीकरवर पाहा. काळ 1805. केप हॉर्नजवळच्या वादळात मागच्या डोलकाठीचा वरचा भाग तुटून खलाशासकट पाण्यात पडतो. दोरांनी जहाजाला लटकलेला तो सांगाडा सी अँकरसारखाच ओढ धरतो आणि जहाज आडवं होऊ पाहतं. माणूस त्या सांगाड्याकडे पोहत असताना दोर तोडावे लागतात. रेडफोर्डला ज्या ओढीने वाचवलं तीच इथे जीव घेते. हे दोन प्रसंग लागोपाठ दाखवले की पाण्याची ओढ म्हणजे काय ते नव्या माणसालाही कळतं.

शर्यतीची आवड असेल तर ‘विंड’ (1992). 1983 साली 132 वर्षांनी अमेरिकेच्या हातून गेलेला अमेरिकाज कप हा शिडाच्या बोटींच्या शर्यतीचा करंडक 1987 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलला परत मिळवला गेला, त्या काळावर तो बेतलेला आहे. प्रेमकथा बेताची आहे, पण विंचवर राबणारी माणसं आणि शीड फुगतानाचा आवाज ऐकण्यासारखा. यातल्या ‘12 मीटर’ बोटी 12 मीटर लांब नसतात. तो एका सूत्राचा आकडा आहे. प्रत्यक्ष लांबी 20 मीटरच्या आसपास असते.

लांबच्या प्रवासाची तयारी चालू असेल तर ‘डीप वॉटर’ (2006) हा माहितीपट चुकवू नका. 1968च्या एकट्याने जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत नऊ जण निघाले आणि एकच, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, 312 दिवसांनी पोहोचला. डोनाल्ड क्रोहर्स्ट शेवटच्या मुदतीच्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, अर्धवट तयार बोट घेऊन निघाला आणि त्याच्या ट्रायमरनच्या (तीन सांगाड्यांच्या बोटीच्या) बाजूच्या तरंग्यांची झाकणं गळत राहिली. पुढे तो आपली जागा खोटी कळवू लागला. शेजारी नकाशा ठेवा आणि त्याने कळवलेली जागा व खरी जागा अशा दोन खुणा करत चला. पोटात कालवतं.

वारा खरा की पंख्याचा, हे ओळखणं सोपं आहे. साधारण 11 ते 16 नॉट (ताशी सागरी मैल) वाऱ्यात लाटांवर पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागतात आणि 30 नॉटच्या सुमारास फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात. नटाचे केस उडताहेत पण समुद्र गुळगुळीत असेल तर पंखा. शिडं लोंबताहेत आणि मागून पाण्याच्या पिचकाऱ्या उडताहेत, तर इंजिन चालू आहे.

सिनेमा बोटीवरच लावणार असाल तर 60 वॉटचा लॅपटॉप दोन तासांत 12 व्होल्टच्या बॅटरीतून 10 ते 12 अँपिअर-अवर खातो. फ्रिज आणि नांगराचा दिवा त्यात धरा. पडद्याचा उजेड कमी ठेवा. ज्याचा पहारा पुढे आहे त्याने शेवटचा अर्धा तास पडदा न बघता बाहेर अंधारात बसावं, कारण डोळे काळोखाला सरावायला 20 ते 30 मिनिटं लागतात.