पाया खणण्याआधी: भूकंपाचा विचार करून केलेली तयारीची यादी

प्लॉट नावावर झाला की बहुतेकांची धाव थेट स्टील-सिमेंटच्या दराकडे. त्याआधी गावातल्या एखाद्या जुन्या माणसाला गाठा आणि या जागेवर पूर्वी काय होतं ते विचारा. ओढा, खदान, वीटभट्टीचा खड्डा, बुजवलेली विहीर, काहीही निघू शकतं. जुन्या सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही बघा. निम्मं घर मुरमावर आणि निम्मं भरावावर उभं राहिलं, तर धक्का बसल्यावर भरावाची बाजू जास्त खचते आणि भिंतीला तिरकी भेग जाते. उतारावरचा प्लॉट कापून-भरून सपाट केला असेल, तर भीती हीच.

मग समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने चाचणी खड्डे घ्या. काळी माती किती फुटांवर संपते, मुरूम कुठे लागतो, हे स्वतः उभं राहून बघा. शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला म्हणून आपल्यालाही लागेल, हा हिशेब धरू नका. काळी माती किती फुगते, हे प्रयोगशाळेत साध्या रीतीने कळतं: चाळलेली, वाळवलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घालतात, एकीत पाणी आणि दुसरीत रॉकेल. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. 24 तासांनी दोन्ही पातळ्यांतला फरक बघायचा. माती फार फुगणारी आणि खोल असेल, तर तळाशी फुगा असलेल्या अंडर-रीम्ड पाइलबद्दल (जमिनीत खोल नेलेल्या काँक्रीटच्या खांबांबद्दल) इंजिनिअरला विचारा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्याकडच्या काळ्या मातीसाठी ही पद्धत विकसित केली.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपाचं खापर अनेक जण काळ्या मातीवर फोडतात. माझ्या मते मोठा घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि वरच्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, वजनाने. जमीन तपासली म्हणजे भिंतीकडे बघायला नको, असं म्हणूनच नाही.

खाडीकाठी, नदीच्या गाळात किंवा वाळूवर बांधणार असाल तर काळजी वेगळी. पाण्याने भरलेली सैल वाळू हादऱ्यांनी दाबली जाऊ पाहते, पण आतल्या पाण्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. सगळं वजन पाण्यावर येतं आणि जमीन काही वेळ पातळ पदार्थासारखी वागते. जपानमधल्या निगाता शहरात 1964 मध्ये चार मजली इमारती जवळपास अखंड राहून कलंडल्या. एक तर पार आडवी झाली. मऊ गाळाचा त्रास निराळा: तो हादरे वाढवतो. 1985 मध्ये केंद्रबिंदू साडेतीनशे किलोमीटरवर असूनही मेक्सिको सिटीतल्या जुन्या तळ्याच्या गाळावरच्या इमारती कोसळल्या. म्हणून अशा जागी बोअर घेऊन एसपीटी चाचणी (नळी ठोकून जमिनीचा घट्टपणा मोजणारी) करवून घ्या आणि अहवालातला ‘एन’ आकडा, म्हणजे ठोक्यांची संख्या, इंजिनिअरकडून समजून घ्या. आयएस 1893 या भूकंपविषयक भारतीय मानकाच्या 2016 च्या आवृत्तीनुसार 10 पेक्षा कमी म्हणजे मऊ जमीन. भूजल किती खोल आहे, तेही पावसाळ्यानंतरचं बघा. उन्हाळ्यातला आकडा फसवतो. सॉइल टेस्टचे पैसे वाचवणं म्हणजे मला तरी खुळेपणा वाटतो. घराच्या एकूण खर्चात ते दिसतही नाहीत.

अहवाल हाती आला की फुटिंग (कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) एकमेकांना बांधणारे टाय बीम आणि जोत्याच्या पातळीवरचे सलग प्लिंथ बीम नकाशात आहेत का ते पाहा. जमीन हलताना सुटे फुटिंग आपापल्या दिशेने सरकू नयेत, म्हणून ते. काँक्रीट ओतण्याआधी खड्ड्यातली सैल माती काढली का, पाणी उपसलं का, सळ्यांभोवतीच्या रिंगांची टोकं 135 अंशांत आत वळवली आहेत का, हे तपासा आणि मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा. नंतर सगळं झाकलं जातं. जोत्यात भर टाकताना सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस. कंत्राटदार म्हणेल, ‘पावसात बसेल आपोआप.’ ऐकू नका. शोषखड्डाही पायापासून लांब घ्या आणि छपराचं पाणी पाइपने बाहेर काढा.