डोक्यावर बादली घेतलेला गिटारवाला: बकेटहेड बघायचा कसा आणि दुसऱ्याला दाखवायचा कसा

वर्तकनगरच्या घरी मी पहिल्यांदा टीव्हीवर बकेटहेड लावला तेव्हा आई पोळ्या लाटायच्या सोडून बाहेर आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "ही चिकनची बादली आहे का डोक्यावर? अरे आज शनिवार आहे." आणि गेली आत. नंतर मित्रांना दाखवला तर निम्मे हसले आणि निम्म्यांनी दुसरं काहीतरी लाव म्हणून रिमोट घेतला. चूक माझी होती, मी सुरुवातच बादलीपासून केली. हा माणूस चुकीच्या टोकाकडून दाखवला की सर्कस वाटतो, म्हणून आता जो क्रम जमलाय तो सांगतो.

आधी थोडक्यात ओळख. खरं नाव ब्रायन कॅरल, जन्म 1969, अमेरिकेतला कॅलिफोर्नियावाला, उंची सहा फुटांच्या बरीच वर, तोंडावर पांढरा कोरा मुखवटा आणि डोक्यावर केएफसीची बादली. हॅलोविन ह्या भुताटकी-खुनाच्या पिक्चर सिरीजचा चौथा भाग बघून आला, त्यातल्या खुन्यासारखा मुखवटा घेतला, चिकन खाता खाता बादली डोक्यावर ठेवली आणि आरशात बघितलं, झाला बकेटहेड, अशी त्यानेच सांगितलेली गोष्ट आहे. कोंबड्यांनी खुराड्यात वाढवलं वगैरे दंतकथा पण त्याच्याच. स्टेजवर जवळपास बोलतच नाही. ह्याची पाहुण्यांसमोर एवढीच ओळख द्या, जास्त सांगत बसलात की लोक बादलीच बघत बसतात.

आता पहिली गोष्ट, मोबाईलच्या स्पीकरवर लावू नका, प्लीज. चांगले हेडफोन किंवा बरा स्पीकर हवाच, नाहीतर सगळं मच्छर मारायच्या बॅटसारखं ऐकू येतं. आणि ठाणे स्टेशनच्या गर्दीत हेडफोन लावून सुरुवात करू नका, मी केली होती, काही कळलं नाही आणि गाडी पण गेली.

पहिला व्हिडिओ सूदसेयरचा लावा, कुठल्याही कॉन्सर्टमधला, लोकांनी पुढच्या रांगेतून मोबाईलवर घेतलेला असेल तर अजून चांगलं. 2006 च्या क्राईम स्लंक सीन अल्बममधलं हे गाणं त्याने आपल्या मावशी का आत्या, जी कोण सूझी आंट होती तिला वाहिलंय. इंग्रजीत दोघी एकच असतात ना, आपल्याकडे हा घोळ झालाच नसता. नऊ मिनिटं आहेत, शब्द एक नाही, हळू सुरू होतं आणि मग चढत जातं. हे संपेपर्यंत कोणी बादलीबद्दल विचारत नाही, माझा अनुभव आहे.

मग जॉर्डन. बास्केटबॉलवाल्या मायकल जॉर्डनवरचं गाणं. हे 2006 च्या गिटार हिरो 2 गेममध्ये होतं, खेळताना बोटं मोडायची वेळ यायची. पण इथे वेगाकडे नाही, त्याच्या गिटारवरच्या लाल बटणाकडे बघा, व्हिडिओ गेमच्या मशीनवर असतं तसलं गोल बटण. त्याला किल स्विच म्हणतात. बटण दाबलं की गिटारचा आवाज अँपपर्यंत, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरपर्यंत, पोचतच नाही, सोडलं की परत येतो, आणि गंमत अशी की तार मध्ये थांबलेली नसते, ती थरथरतच असते, फक्त आपल्याला तुकड्या तुकड्यात ऐकू येते. पटत नसेल तर आत्ता करून बघा: लांब "आऽऽऽ" म्हणा आणि तळहाताने तोंडावर भराभर थापट्या मारा, लहानपणी करायचो तसं. वॉवॉवॉवॉ. बकेटहेड हेच करतो, फक्त तालात, आणि दुसरा हात तेवढ्यात पट्टीवर भलतंच काहीतरी वाजवत असतो. 2010 मध्ये गिब्सनने त्याच्या नावाची पांढरी लेस पॉल गिटार काढली, तिच्यावर अशी दोन लाल बटणं आहेत.

काही शोमध्ये तो पुढच्या रांगेजवळ येतो, गिटार पुढे करतो आणि लोकांना ते बटण दाबू देतो. तो वाजवत राहतो आणि एखादा पोरगा घाबरत घाबरत एका बोटाने दाबतो, आवाज तुटतो, पोरगा हात मागे घेतो, मग धीर आला की टकटकटक सुरूच. असा व्हिडिओ मिळाला तर पॉज करून पोराचा चेहरा दाखवा. आमच्या काकूंना, ज्यांना गिटारचं ग पण माहीत नाही, एवढंच आवडलं.

आता बादली दाखवा, आता चालेल. मध्येच गिटार बाजूला ठेवून तो रोबोट डान्स करतो, नानचाकू फिरवतो, आणि पिशवीतून खेळणी काढून लोकांना वाटतो, लोकही त्याला आणून देतात. बऱ्याच शोमध्ये मागे बँड पण नसतो, आधी रेकॉर्ड केलेला ट्रॅक चालू आणि हा एकटा. लहानपणी मामाने जव्हारकडे बोहाडा बघायला नेलं होतं, तिथे मुखवटा चढवून सोंग नाचायला लागलं की आत गावातला कोण आहे हे कोणी विचारत नाही, देव आला म्हणजे देव आला. मला हा त्याच जातीचा वाटतो. मुखवट्याआडचा चेहरा शोधत बसणारे लोक मला म्हणूनच बोअर वाटतात.

गन्स एन रोझेस ह्या अमेरिकन रॉक बँडमध्ये तो काही वर्षं होता, तो भाग शेवटी ठेवा. जानेवारी 2001 चं रॉक इन रिओ, म्हणजे ब्राझीलमधला मोठा संगीत महोत्सव, बघा, एवढ्या प्रचंड गर्दीसमोर बादलीवाला एकटा उभा राहून सोलो वाजवतोय, आणि मग ऑगस्ट 2002 चे एमटीव्ही अवॉर्ड्स, जिथे बँड अचानक स्टेजवर आला. 2004 ला तो बँड सोडून गेला. त्यामुळे 17 मे 2025 ला महालक्ष्मी रेसकोर्सवर गन्स एन रोझेस आले तेव्हा आमच्या ग्रुपमधला एकजण "बादलीवाला येणार का रे" विचारत होता, त्याला नाही म्हणून सांगावं लागलं. बिचारा नेरुळहून तीन गाड्या बदलून आला होता.

शोधताना एक लक्षात ठेवा, व्हिडिओ अपलोड झाल्याची तारीख म्हणजे शोची तारीख नव्हे. बादलीवर काय लिहिलंय ते बघा. केएफसीचं चित्र नसलेली साधी पांढरी दिसली, किंवा इंग्रजीत फ्युनरल लिहिलेली, तर गोंधळू नका, माणूस तोच, बादल्या बदलतात. अगदी जुना बघायचा असेल तर यंग बकेटहेड नावाच्या दोन डीव्हीडी 2006 मध्ये आल्या, त्यात 1990 च्या आसपासचं शूटिंग आहे, पोरगेलासा, पण हात तेव्हाही तसेच.

आणि पाईक्सच्या नादी लगेच लागू नका. 2011 पासून तो पाईक नावाचे छोटे अल्बम काढतोय, एकट्या 2015 मध्ये शंभराच्या वर. क्रमाने ऐकायला घेतले तर रिटायर व्हाल. 2017 मध्ये एका पॉडकास्टवर तो चक्क स्वतःच्या आवाजात बोलला, हृदयाच्या ठोक्यांच्या त्रासाबद्दल. सात-आठ शो बघून झाले की मगच ते ऐका, इतका हळू आणि लाजरा आवाज आहे की दचकायला होतं.

सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये लावणार असाल तर रविवार धरा, बादली आणायची असेल तर तोच वार घरच्यांना चालतो. सूदसेयर साडेनऊच्या आत सुरू करा, दहाला वॉचमन येतो, आणि ते गाणं मध्ये बंद केलं तर लोक वॉचमनवर नाही, तुमच्यावर चिडतात.