पाणीपुरवठ्याचे लहान मातीचे धरण: देखभाल करताना या चुका टाळा

पाणीपुरवठ्यासाठी बांधलेल्या लहान धरणाबद्दल लोक सहसा एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे साठा किती आहे. पाणी भरपूर असले की धरण ठीक आहे असे मानले जाते आणि तळ दिसू लागला की धावपळ सुरू होते. धरणाच्या सुरक्षिततेचा विचार केला तर हे नेमके उलटे आहे, कारण मातीच्या भरावाला सर्वाधिक धोका जलाशय काठोकाठ भरलेला असतानाच असतो. मातीची धरणे फुटण्यामागे मुख्यतः दोन कारणे आढळतात: पाणी माथ्यावरून ओसंडणे, आणि भरावाच्या किंवा पायाच्या आतून माती हळूहळू वाहून जाणे. या दोन्ही गोष्टींना वाट करून देणाऱ्या चुका पुष्कळदा चांगल्या हेतूने, थोडे जास्त पाणी अडवावे किंवा थोडे वाया जाणारे वाचवावे म्हणून, केलेल्या असतात.

सांडव्यावर पोती रचणे किंवा भिंत चढवणे

सांडवा म्हणजे धरण भरल्यावर जादा पाणी बाहेर जाण्याची वाट. ती उंच करण्याचा मोह समजण्यासारखा आहे. ५ हेक्टर पसरलेल्या जलाशयाची पातळी ३० सेंटिमीटरने वाढवली तर सुमारे १.५ कोटी लिटर पाणी जादा साठते. माणशी रोज १०० लिटर धरले तर बाष्पीभवन वगळता २,००० लोकांना ते ७५ दिवस पुरेल. मात्र सांडव्याची वहनक्षमता पाण्याच्या खोलीच्या सरळ प्रमाणात कमी होत नाही, त्याहून वेगाने घटते. १० मीटर रुंदीच्या साध्या सांडव्यावरून १ मीटर खोलीचे पाणी जाऊ शकत असेल, तर सेकंदाला साधारण १७ घनमीटर पाणी बाहेर पडते. धरणाचा माथा तेवढाच ठेवून सांडव्याचा उंबरठा ३० सेंटिमीटरने उचलला, की खोली ७० सेंटिमीटर उरते आणि विसर्ग सेकंदाला सुमारे १० घनमीटरवर येतो. म्हणजे एका फुटाच्या भिंतीने सांडव्याची सुमारे ४० टक्के ताकद काढून घेतली. साठा खरोखरच वाढवायचा असेल तर पुराचा हिशेब नव्याने मांडून सांडवा रुंद करावा लागतो किंवा भराव उंच करावा लागतो, आणि तो निर्णय अभियंत्याचाच असला पाहिजे.

सांडव्याच्या तोंडाशी जाळी, कुंपण किंवा पायवाटेसाठी टाकलेले दगड यांचाही परिणाम असाच होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातील साउथ फोर्क धरण ३१ मे १८८९ रोजी माथ्यावरून पाणी जाऊन फुटले आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसे दगावली. त्या धरणाचा माथा गाडीरस्त्यासाठी खाली घेतलेला होता, तळातून पाणी सोडणारे नळ आधीच काढून टाकलेले होते, आणि मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर लावलेल्या जाळ्यांत कचरा अडकला होता. यातील एकही बदल धरण कमकुवत करण्याच्या इराद्याने केलेला नव्हता.

माथ्याची उंची मोजताना तो जिथे सर्वांत खचलेला आहे तिथे मोजावी. भराव वर्षानुवर्षे बसत जातो, वाहनांच्या चाकोऱ्या पडतात, आणि माथ्यावरून पाणी जायचे झाले तर ते त्या एका खचलेल्या जागेतूनच जाते. सांडव्याच्या काँक्रीटच्या सांध्यांत उगवलेले गवतही किरकोळ समजू नये. इंग्लंडमधील व्हेली ब्रिज गावाच्या वर असलेल्या टॉडब्रुक जलाशयाच्या सांडव्याचे काँक्रीट ऑगस्ट २०१९ मध्ये उखडले, तेव्हा सुमारे १,५०० रहिवाशांना घरे सोडावी लागली आणि खड्डा भरण्यासाठी हेलिकॉप्टरने खडीची पोती टाकावी लागली.

गळती दिसताच बाहेरून बुजवणे

मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच; पूर्ण कोरडे मातीचे धरण दुर्मीळ. प्रश्न पाझर आहे की नाही हा नसून तो किती आहे, कोठून येतो आणि सोबत काय घेऊन येतो, हा आहे. खालच्या उतारावर ओल दिसली की तिथे चिकणमाती ठोकणे किंवा सिमेंटचा गिलावा करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत घातक दुरुस्ती होय. पाण्याचा बाहेर पडण्याचा मार्ग बंद झाला तरी आत शिरण्याचा मार्ग उघडाच राहतो. परिणामी भरावातील दाब वाढतो, माती जास्त वरपर्यंत भिजते आणि पाणी दुसऱ्या, कदाचित नजरेस न पडणाऱ्या जागेतून फुटते.

त्याऐवजी आधी मोजमाप करावे. पाझर एका चारीत गोळा करून २० लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते पाहावे. ४० सेकंद लागले तर पाझर सेकंदाला अर्धा लिटर आहे. हा आकडा, त्या दिवशीची जलाशयाची पातळी आणि आधीच्या दिवसांतला पाऊस एकाच वहीत लिहावा. पातळी वाढली की पाझर वाढणे स्वाभाविक आहे. पातळी तीच असताना पाझर वाढत असेल तर ती धोक्याची सूचना समजावी. पाझर एकाएकी थांबला तर आनंद मानण्याचे कारण नाही, कारण पाण्याने नवी वाट धरलेली असू शकते. त्याच पाण्याने काचेची पारदर्शक बाटली भरून तासभर स्थिर ठेवावी. तळाशी मातीचा थर बसला, तर धरण आतून झिजत आहे असे समजून त्याच दिवशी तज्ज्ञाला बोलवावे.

तज्ज्ञ येईपर्यंतच्या काळात त्या जागी आधी जाड स्वच्छ वाळू, तिच्यावर बारीक खडी आणि वर मोठे दगड, असा थर घालता येतो. या थरातून पाणी जाते, माती मात्र अडते. पायथ्याशी जमिनीतून वाळू उसळत असेल तर तिच्याभोवती पोत्यांचे गोल कडे करून आत पाणी थोडे चढू द्यावे, म्हणजे प्रवाहाचा जोर कमी होतो. हे कडे पाणी पूर्ण बंद होईल इतके उंच करू नये. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे येथील लहान धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. गळतीच्या तक्रारी त्याआधीच झाल्या होत्या. फुटण्याचे कारण म्हणून पुढे खेकड्यांच्या बिळांचीही चर्चा झाली. बिळे भरावाला अपायकारक असतात हे खरेच आहे. म्हणून तर ती नियमित पाहणीत शोधून तळापर्यंत भरून घ्यायची असतात.

भरावातून जाणारा नळ आणि त्याची झडप

पाणी सोडण्याचा नळ भरावाच्या पोटातून जातो आणि अनेक ठिकाणी त्याची झडप सोयीसाठी खालच्या टोकाला बसवलेली असते. अशा रचनेत धरणाखालचा संपूर्ण नळ कायम दाबाखाली राहतो. तो गंजला किंवा त्याचा सांधा सुटला की पाणी थेट मातीत घुसते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील सुमारे ८ मीटर उंचीचे लॉन लेक धरण १५ जुलै १९८२ रोजी फुटले, ते विमोचक नळ (पाणी सोडण्याचा नळ) आणि झडप यांच्यातील सांध्यातून झालेल्या गळतीमुळे. नळ बंद करण्याची सोय जलाशयाच्या बाजूला असावी, आणि निदान वर्षातून दोनदा झडप पूर्ण उघडून पूर्ण बंद करून पाहावी. वर्षानुवर्षे न फिरवलेली झडप आणीबाणीत हमखास अडकते.

झाडे, आणि घाईने उपसा

भरावावर आखूड गवत हवे, झाडे नकोत. रोपटे लहान असताना उपटावे. जुने मोठे झाड मात्र नुसते बुंध्याशी तोडू नये, कारण मुळे कुजल्यावर त्यांच्या पोकळ्या उरतात. मुळे काढून ती जागा थराथराने दाबून भरण्याचे काम अभियंत्याच्या देखरेखीखाली आणि पातळी उतरलेली असताना करावे.

दुरुस्तीसाठी जलाशय रिकामा करतानाही घाई नसावी. बाहेरचे पाणी झपाट्याने उतरले, तरी भिजलेल्या भरावातले पाणी तेवढ्या वेगाने निचरत नाही आणि पाण्याकडचा उतार घसरतो. एरवी पातळी दिवसाला ३० सेंटिमीटरच्या आसपास उतरवणे सुरक्षित मानतात. धरण फुटण्याची चिन्हे असतील तेव्हा हा नियम बाजूला ठेवावा लागतो, पण तोही निर्णय जाणकाराचा.

पूर्ण साठा म्हणजे हाती असलेले पाणी, हा हिशेब

नकाशावरचा साठा बांधकामाच्या वर्षाचा असतो. त्यानंतर आलेला गाळ, बाष्पीभवन आणि विमोचकाच्या पातळीखाली राहणारा मृतसाठा वजा केल्याशिवाय पुरवठ्याचे वेळापत्रक आखू नये. सांडव्यावर पोती रचण्याची वेळ बहुधा या चुकलेल्या हिशेबामुळेच येते. पाणी नेहमी तळातूनच घेणेही टाळावे. उन्हाळ्यात खोल थरातला प्राणवायू संपतो, लोह आणि मँगनीज पाण्यात उतरतात, आणि पाण्याला रंग व वास येतो. वेगवेगळ्या उंचीवर पाणी घेण्याची सोय असेल तर निर्मळ थर निवडता येतो, शुद्धीकरणाचा भारही हलका होतो.

‘लहानच तर आहे’ ही समजूत

आंतरराष्ट्रीय व्याख्येप्रमाणे साधारणपणे १५ मीटर किंवा त्याहून उंच धरण मोठे मानले जाते. धोका मात्र उंचीवर नाही, खाली काय आहे यावर ठरतो. लॉन लेक फुटले तेव्हा तीन माणसे दगावली आणि खालच्या एस्टेस पार्क गावात पाणी शिरले. धरण बांधले तेव्हा खाली शेते असतील आणि आज घरे असतील, तर सांडव्याचा मूळ हिशेब अपुरा समजून तपासून घ्यावा. पाणी कोणत्या वस्तीपर्यंत किती वेळात पोहोचेल याचा नकाशा, झडपेच्या किल्लीची जागा, जवळ कोठे वाळू-खडी मिळेल याची नोंद आणि रात्री उचलले जातील असे दूरध्वनी क्रमांक एका पानावर लिहून पंपघरात आणि खालच्या वस्तीत लावावेत. दर पावसाळ्याआधी ते क्रमांक प्रत्यक्ष फोन करून तपासावेत.