बोट उतरवायच्या उतारावर घोटाळा नको असेल तर

गर्दीच्या वेळी लोक चिडतात ते बहुतेक एकाच गोष्टीवर: कुणीतरी ट्रेलर थेट उतारावर लावतो आणि मग सामान चढवायला घेतो. ही सगळी तयारी आधी, बाजूच्या मोकळ्या जागेत उरका. तळाचं बूच घट्ट बसवा (हे विसरणारे कमी नाहीत!), मागचे पट्टे सोडा, लाइफ जॅकेट आणि सामान बोटीत ठेवा, पुढे-मागे दोर बांधा. पुढचा विंचचा (बोट ट्रेलरवर ओढून धरणाऱ्या चरखीचा) पट्टा आणि साखळी मात्र पाण्याच्या कडेला पोहोचेपर्यंत काढू नका, नाहीतर बोट उतारावरच घसरून पडेल.

बोट तरंगली की ती दोराने बाजूला घ्या आणि गाडी लगेच वर काढा. परत येतानाही तसंच. ड्रायव्हर ट्रेलर आणेपर्यंत उतारासमोरची जागा अडवू नका. इंजिनचा जोर लावून बोट ट्रेलरवर चढवू नका. पंख्याच्या झोताने उताराच्या टोकाखालची माती वाहून खड्डा पडतो.

रात्री पार्किंग लाइट पुरेत, हेडलाइटने गाडी मागे घेत उतरणाऱ्याचे डोळे दिपतात. आणि कुणी नवखा अडखळत असेल तर हॉर्न कशाला? उतरून दोर धरा.