बेस घुमतोय? ॲम्प्लिफायर विकण्याआधी खुर्ची हलवा

घोडबंदर रोडवरच्या टॉवरमधली १० बाय १२ फुटांची खोली, खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, एका बाजूला काचेची सरकती खिडकी. स्पीकरचा बेस, म्हणजे खालचे जाड सूर, घुमायला लागला की लोक आधी ॲम्प्लिफायर बदलतात. पैसे वाया. १२ फुटी लांबीत साधारण ४७ हर्ट्झचा सूर दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. ॲम्प कुठलाही आणा, तो फुगणारच.

स्पीकर १० फुटी भिंतीकडे ठेवा, पण कोपऱ्यातून काढा. पाठच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे. बाजूच्या भिंतीपासूनचं अंतर मात्र तेवढंच नको, नाहीतर दोन्ही भिंतींचे दोष एकाच सुरावर साचतात. ऐकायची खुर्ची स्पीकरसमोरच्या भिंतीला टेकलेली असेल तर बेस तिथेच सर्वांत जाड लागतो. ती साडेचार फूट पुढे घ्या. बरोबर मध्यावर, ६ फुटांवर, बसू नका. तिथे तोच ४७ हर्ट्झ जवळपास गायब होतो. (सोफा हलवायची परवानगी घरातून ज्याची त्याने काढावी.)

कर्कशपणा कमी करायला काचेवर जाड पडदा, मध्ये सतरंजी. भिंतीवर चिकटवलेले अंड्यांचे ट्रे बेसला काहीही करत नाहीत. आवाज शोषणारं रॉकवूलचं (दगडी तंतूंच्या लोकरीचं) पॅनल बाहेरच्या भिंतीवर लावणार असाल तर मागे २ इंच पोकळी सोडा: पावसाळ्यात ओल धरत नाही, आणि शोषणही थोडं खालच्या सुरांपर्यंत पोहोचतं.