ड्रीम शेक: हूल पायांतून द्यायची

एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) गाजवलेल्या हकीम ओलाजुवॉनची ‘ड्रीम शेक’, म्हणजे शॉटची हूल देऊन वळून रिंगकडे जायची चाल, बहुतेक जण त्याच्या खांद्यांकडे बघून शिकायला जातात आणि तिथेच फसतात. ही मूव्ह पायांची आहे. लागोसमध्ये वाढलेला ओलाजुवॉन बास्केटबॉलकडे वळण्याआधी फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, हँडबॉलही खेळायचा. पायांची ती चपळाई त्याने सात फुटी सेंटरच्या, म्हणजे रिंगजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या, जागेवर आणली. १९९५ च्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलमध्ये (लीगच्या पश्चिम गटाच्या अंतिम मालिकेत) त्याच मोसमाचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) डेव्हिड रॉबिन्सन हूल खाऊन हवेत जातो आणि ओलाजुवॉन त्याला चुकवून बॉल टाकतो. ती क्लिप आवाज बंद करून, फक्त बुटांकडे बघत पाहा.

खालचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यासाठी, रिंगकडे तोंड केल्यावर डावीकडे येणाऱ्या ब्लॉकवरून, म्हणजे पेंटच्या (रिंगसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याच्या) रेषेवरच्या रिंगजवळच्या खुणेपासून. तिथे रिंगकडे पाठ करून उभं राहिलं की बेसलाइन (रिंगमागची कोर्टची रेष) उजव्या खांद्याला येते आणि पेंटचा मधला भाग डाव्या खांद्याला. हे आधी पक्कं करा.

बॉल पेंटच्या रेषेबाहेर घ्या, म्हणजे थ्री सेकंदची (पेंटमध्ये तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबल्याच्या नियमभंगाची) धास्ती राहत नाही. आजच्या फिबा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघ) कोर्टवर पेंट ४.९ मीटर रुंद असतो. तुमच्या कोर्टवर २०१० पूर्वीचा समलंब आकार रंगवलेला असेल, तर रिंगच्या मध्यापासून दोन्ही बाजूंना २.४५ मीटरवर खडूने रेष आखून घ्या. नाहीतर सराव चुकीच्या अंतरावरून होतो.

पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकलेले, गुडघे वाकलेले, बूड खाली. पास येताना त्याच्याकडे छोटी उडी घ्या, बॉल हवेत पकडा आणि दोन्ही पाय एकदम टेकवा. असं उतरलात तर कोणताही पाय पिव्हट (जागेवर टेकवून ठेवून ज्यावर वळायचं तो पाय) करता येतो. एक पाय आधी टेकला की तोच पिव्हट ठरतो आणि जाणत्या डिफेंडरला अर्धं गणित तिथेच सुटतं. बॉल हनुवटीखाली, कोपरं बाहेर. कमरेपाशी आणलेला बॉल गार्ड खालून उडवतो.

आता घाई नको. पाठीला डिफेंडरचा हात आणि छाती कुठे टेकते ते समजून घ्या. पण तो मीटरभराच्या आत चिकटून असेल तर फिबा नियमाने पाच सेकंदांत पास, शॉट किंवा ड्रिबल करावंच लागतं. एक-दीड सेकंद पुरतो.

त्याचा भार तुमच्या डाव्या, म्हणजे मधल्या खांद्यावर असेल तर साधा ड्रॉप-स्टेप घ्या. डावा पाय पिव्हट, उजवा पाय मागे रिंगच्या दिशेने त्याच्या पायापलीकडे. डावा पाय सुटण्याआधी एक जोरदार ड्रिबल, मग दोन्ही पायांवर उडून बॉल टाका. ड्रिबलला उशीर झाला की स्टेप्सची, म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकल्याची (ट्रॅव्हल), शिट्टी.

तो बेसलाइन अडवून उभा असेल तर मधे जा: डाव्या हाताने एक ड्रिबल, तुम्ही हवेत असतानाच बॉल गोळा करा आणि पुन्हा दोन्ही पाय एकदम टेकवा. डावा खांदा रिंगकडे, तोंड फ्री-थ्रो लाइनच्या बाजूला, उजव्या हाताने जंप हुक, म्हणजे उडून एका हाताने डोक्यावरून टाकायचा शॉट. हा हुक पडायलाच हवा. डिफेंडर हुलीला भुलतो तो खऱ्या शॉटच्या भीतीने. ज्याचा हुक पडत नाही त्याच्या हुलीवर कोण उडणार? म्हणून शेक शिकण्याआधी हुक दहापैकी सहा पडेपर्यंत तोच घोटा.

आणि आता शेक. हुकसाठी उतरलात, डिफेंडर उडायच्या बेतात आहे. नजर रिंगवर, बॉल कपाळापर्यंत वर, डोकं आणि खांदे वर; गुडघे मात्र वाकलेलेच. इथेच सगळ्यात जास्त चूक होते. हूल देताना गुडघे सरळ झाले की पुढच्या पावलासाठी पुन्हा खाली बसावं लागतं, आणि तेवढ्यात डिफेंडर जमिनीवर परतलेला असतो. हूल अर्धवटही नको. त्याच्या टाचा उचललेल्या दिसेपर्यंत बॉल वर ठेवा.

त्याच्या टाचा उचलल्या की डाव्या पायाच्या चवड्यावर उजव्या खांद्याने मागे फिरा. उजवा पाय पाठीमागून फिरवून बेसलाइनच्या बाजूने रिंगजवळ लांब टाका. छाती आता रिंगकडे आहे आणि डिफेंडर उजव्या हाताला, त्यामुळे लेअप (रिंगजवळून उडत टाकायचा शॉट) डाव्या हाताने. ज्याचा डावा हात कच्चा आहे तो इथे बॉल उजवीकडे आणतो आणि त्याचा शॉट अडवला जातो. उजव्या पायावर उडताना डावा पाय उचलला जातो, ते चालतं. पण बॉल हातातून सुटण्याआधी तो परत टेकला तर ट्रॅव्हल. दोन पायांवर उडायची सवय असलेल्यांचा घात इथेच होतो.

डाव्या टाचेकडेही लक्ष द्या. पूर्ण तळवा टेकवून वळलात तर बूट सिमेंटला धरतो आणि पीळ गुडघ्यात जातो. टाच कागद सरकेल इतकी उचललेली हवी.

पहिला आठवडा बॉलशिवाय: उतरणं, हूल, वळण, पाऊल, रोज वीस वेळा, मोठ्याने ‘एक-दोन-तीन’ म्हणत. हूल ‘एक’वर, आणि ‘दोन’च्या आधी क्षणभर थांबायचं. मग बॉल घेऊन तेवढेच. तिसऱ्या आठवड्यात जोडीदार मागे उभा करा. त्याने कधी उडायचं, कधी जमिनीवर राहायचं हे त्याचं त्याने ठरवावं. तो उडाला नाही तर वळू नका, सरळ हुक टाका. ठरवून केलेला शेक सामन्यात दुसऱ्याच वेळी ओळखला जातो.

उजव्या ब्लॉकवर सगळं उलटं: हुक डाव्या हाताने, पिव्हट उजवा पाय, शेवटचा लेअप उजव्या हाताने. ती बाजू महिनाभराने सुरू करा. दोन्ही एकदम धरल्या तर पिव्हटचा पाय डोक्यात गोंधळतो.