सरोवराचे पाणी उतरणीला लागताना: काठावर पेरणी करणाऱ्यांसाठी सल्ला

नदी पाऊस उघडल्यावर दोन-चार दिवसांत उतरते. मोठ्या सरोवराचे तसे नसते. ओढे, झरे आणि पाझर आत येतच राहतात, बाहेर जाण्याची वाट मात्र अरुंद असते. त्यामुळे पाऊस सरून महिना झाला तरी पातळी चढतीच असू शकते. आभाळ निवळले म्हणजे पाणी उतरणार, असे धरून गाळपेर, म्हणजे पाणी ओसरून उघड्या पडलेल्या ओल्या गाळात पेरणी, उरकणाऱ्याचे बी बहुधा इथेच कुजते.

हिशेब तसा साधा आहे. सरोवरावर पडलेला पाऊस आणि आत आलेले पाणी यांतून बाष्पीभवन आणि बाहेर गेलेले पाणी वजा करायचे. गंमत अशी की यातला मोठा आकडा कुठला, ते प्रत्येक सरोवराचे वेगळे. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के थेट त्याच्यावर पडणाऱ्या पावसाचे असते. तिथे फक्त नद्यांकडे पाहून अंदाज बांधला तर फसगत ठरलेली. उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत सर्वाधिक बाष्पीभवन भर उन्हाळ्यात होत नाही. शरद ऋतूत आणि हिवाळ्याच्या सुरुवातीला पाणी अजून कोमट असते, त्यावरून थंड, कोरडे वारे वाहतात, आणि तेव्हा ते होते. आपल्या सरोवराला पाणी कुठून येते आणि ते कधी उडते, एवढे तरी काठच्या माणसाला ठाऊक हवे.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून सांगतो: १,००० चौरस किलोमीटरच्या सरोवरात पातळी १ सेंटिमीटरने बदलली तर १ कोटी घनमीटर, म्हणजे साधारण ०.३५ टीएमसी पाणी आत आलेले किंवा बाहेर गेलेले असते. पातळी हातभर बदलायला याच्या कितीतरी पट पाणी लागेल, आणि तेवढे एका रात्रीत येत-जात नाही. तरीही सकाळी उठून पाहावे तर पाणी हातभर चढलेले, असे होतेच. तो वाऱ्याचा खेळ.

महासरोवरांपैकी एरी सरोवर सुमारे ३८८ किलोमीटर लांब आणि सरासरी जेमतेम १९ मीटर खोल आहे. नैर्ऋत्येचा वादळी वारा लांबीच्या दिशेने सुटला की पश्चिम टोकाच्या टोलेडोकडचे पाणी ओसरते आणि पूर्व टोकाच्या बफेलोकडचे चढते. मोठ्या वादळात दोन टोकांतला फरक दोन मीटरच्याही पुढे जातो. वारा पडला की पाणी मागे झुलते, पुन्हा पुढे येते. एक हेलकावा साधारण १४ तासांचा. या सगळ्यात सरोवरातले पाणी वाढलेले नसते, फक्त इकडून तिकडे गेलेले असते. आपले सरोवर लांबट आणि उथळ असेल तर हाच प्रकार लहान प्रमाणात काठावर दिसेल. म्हणून पातळी लिहिताना शेजारी वाऱ्याची दिशा आणि जोर लिहायला विसरू नका. वारा आपल्या काठाकडे असताना घेतलेला आकडा पेरणी ठरवण्यासाठी वापरू नये.

स्वतःची पट्टी असू द्या

सरकारी मापन केंद्र दूरच्या काठावर असेल तर त्याचा आकडा उपयोगाचा असतो, पण पुरेसा नसतो. लाटांचा मारा कमी असलेल्या जागी मजबूत खांब रोवा आणि त्यावर सेंटिमीटरच्या खुणांची पट्टी ठोका. खांब खचतो, गुरे त्याला अंग घासतात. म्हणून जवळच्या पक्क्या खडकावर किंवा बांधकामावर एक कायमची खूण करा. पट्टीचा शून्य त्या खुणेपासून किती खाली आहे, हे गवंडी वापरतात तशा पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने मोजून ठेवा आणि महिन्यातून एकदा पडताळा. लाटांमुळे आकडा नाचत असेल तर खालचे तोंड बंद करून तळाशी बारीक भोके पाडलेला पीव्हीसी पाइप पाण्यात उभा बसवा आणि त्याच्या आतली पातळी मोजा. मोठ्या मापन केंद्रांतल्या विहिरी याच तत्त्वावर चालतात.

वाचन रोज एकाच वेळी घ्या. आजचा आकडा कालच्याशी लावू नका. या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून पाहा. लागोपाठ तीन आठवडे उतार दिसला तरच पाणी उतरणीला लागले असे मी धरतो. जास्त सावधपणा वाटेल, पण पुन्हा बियाणे आणण्यापेक्षा तो परवडतो.

आणखी एक घोळ नेहमी होतो. पातळीच्या अंदाजातला आकडा बहुधा समुद्रसपाटीपासूनचा असतो आणि आपल्या पट्टीचा शून्य आपला असतो. व्हिक्टोरियाची, युगांडातल्या जिंजा इथली पातळी १३.४२ मीटर अशी लिहितात, पण ते सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१३५ मीटर उंचीवर आहे. दोन शून्यांमधला फरक शांत दिवशी एकदाच काढा आणि पंपघराच्या भिंतीवर रंगवून टाका.

उपग्रहही पातळी मोजतात. १९९२ पासून रडारच्या साहाय्याने मोठ्या सरोवरांची उंची काही सेंटिमीटरच्या अचूकतेने कळू लागली. पण उपग्रह त्याच वाटेवर पुन्हा येईपर्यंत दहा दिवस ते जवळपास महिना लागतो. हंगामाचा कल पाहायला ते ठीक, उद्याच्या कामाला नाही.

अंदाज वाचताना

महासरोवरांसाठी अमेरिका आणि कॅनडा मिळून दर महिन्याला पुढच्या सहा महिन्यांचा अंदाज काढतात. त्यात मधल्या रेघेभोवती पंख्यासारखा पसरत जाणारा पट्टा असतो. बहुतेक जण मधली रेघ पाहतात. शेतकऱ्याने कडा पाहाव्यात: पिकासाठी वरची, पंपासाठी खालची. पहिल्या महिन्याचा अंदाज सहसा बरा असतो, कारण सरोवर सावकाश हलते; पुढचा पट्टा रुंदावत जातो. शिवाय हे आकडे महिन्याच्या सरासरीचे असतात, वादळाची उसळी त्यात धरलेली नसते. तेवढी वाढ आपल्या वहीतून घालावी. सरोवराच्या मुखावर दरवाजे असतील तर विसर्गाचे वेळापत्रकही विचारून घ्या.

पेरणीचा हिशेब उतारावर चालतो. काठाचा उतार एकास शंभर असेल तर पातळी १० सेंटिमीटर खाली गेल्यावर १० मीटर रुंदीचा पट्टा उघडा पडतो. आत येणारे आणि बाहेर जाणारे पाणी समान असेल आणि रोज ५ मिलिमीटर बाष्पीभवन होत असेल, तर महिन्यात १५ मीटर जमीन मिळते. ती एकदम पेरू नका, पट्ट्या-पट्ट्यांनी खाली सरका. पाय घोट्यापर्यंत रुततो तिथे थांबा. वरून कोरड्या दिसणाऱ्या पट्ट्यातही दोन फूट खड्डा खणून रात्रभर ठेवा. सकाळी त्यात पाणी साचले असेल तर मुळे पाण्यातच बसतील. सर्वांत खालच्या पट्ट्यात ६०-७० दिवसांत निघणारेच पीक घ्या आणि पुढचा चढ सुरू होण्याआधी ते घरी येईल ना, हे अंदाजाच्या वरच्या कडेवर तपासा. त्या पट्ट्यात खताचा मोठा हप्ता टाकू नका, पाणी परतले की ते सरोवरात जाते.

पंपाची अडचण उलटी. पाणी दूर जाते तसा पंप खाली न्यावा लागतो, कारण खेचण्याची उंची ६-७ मीटरपलीकडे गेली की पंप दम तोडतो. पण खाली नेलेला पंप एका वादळात बुडतो. चाकांच्या गाड्यावर किंवा तराफ्यावर बसवलेला पंप बरा. फुटव्हॉल्व, म्हणजे खेचणाऱ्या पाइपच्या तोंडाची झडप, अंदाजाच्या खालच्या कडेपेक्षाही खाली राहू द्या.

झाडे, विहीर, गोठा यांच्यासाठी मात्र सहा महिन्यांचा अंदाज कामाचा नाही. मिशिगन-ह्युरॉन या जोडलेल्या महासरोवरांनी जानेवारी २०१३ मध्ये नीचांक गाठला आणि २०२० मध्ये लागोपाठ अनेक महिने त्या-त्या महिन्याचे उच्चांक मोडले. फरक दीड मीटरहून जास्त. व्हिक्टोरियाने १९६४ ची उच्चांकी पातळी मे २०२० मध्ये ओलांडली. मधल्या ५६ वर्षांत एक पिढी वाढते आणि जुनी पाणीरेषा विसरते. बांधकाम नोंदीतल्या सर्वांत वरच्या रेषेच्याही वर, वादळाची उसळी धरून करा. नोंद मिळत नसेल तर म्हाताऱ्या माणसांना विचारा, जुन्या झाडांच्या बुंध्यावरचे डाग पाहा. आणि यंदाचे पाणी सर्वांत वर जिथे टेकले, तिथे ते उतरण्याआधीच रंगाची रेघ मारून शेजारी साल लिहून ठेवा.